वाचकांचे प्रश्न : ‘ओ’, ‘मॅक’ आणि आयरिश आडनावांची कुळकथा

आयर्लंडमधील आडनावे आणि तेथे भरणारे घराण्यांचे मेळावे यांविषयी आलेली पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत. पत्रे वेगवेगळ्या निमित्ताने लिहिलेली असली, तरी बहुतेकांच्या मुळाशी एकच समजूत दिसते : आडनाव एक म्हणजे रक्त एक. आयर्लंडपुरती ही समजूत फारशी टिकत नाही. ती का टिकत नाही, हे उत्तरांच्या ओघात येईलच.

प्रश्न : ओ’ब्रायन, ओ’नील यांतील ‘ओ’ आणि मॅकार्थी, मॅगवन यांतील ‘मॅक’ यांचा अर्थ काय? इंग्रजीत ‘मॅक’ पूर्ण (Mac) लिहिले तर माणूस स्कॉटिश आणि आखूड (Mc) लिहिले तर आयरिश, असे ऐकले आहे. ते खरे का?

उत्तर : ‘मॅक’ म्हणजे मुलगा. ‘ओ’ हे आयरिश भाषेतील ‘उआ’ या जुन्या शब्दाचे रूप असून त्याचा मूळ अर्थ नातू आणि पुढे व्यापक अर्थाने वंशज असा आहे. आरंभी ही नावे पिढीगणिक बदलत, म्हणजे बापाचे किंवा आजोबाचे नाव मागे लागे आणि पुढच्या पिढीत ते गळून नवे येई. दहाव्या-अकराव्या शतकांत ती हळूहळू स्थिर झाली आणि आजोबाचे नाव पणतूच्या पणतूलाही चिकटून राहू लागले. पिढीजात आडनावे युरोपात ज्या प्रदेशांत सर्वांत आधी रुजली, त्यांत आयर्लंडची गणना होते. गॉलवेच्या दक्षिणेकडील आइना प्रांताचा अधिपती असलेल्या एका ओ’क्लेरीच्या मृत्यूची नोंद जुन्या बखरींत इ.स. ९१६च्या सुमारास आढळते आणि सर्वांत जुन्या आडनावाचे उदाहरण म्हणून ती नेहमी पुढे केली जाते.

ब्रायन बोरू हा राजा १०१४ साली क्लॉन्टार्फच्या लढाईत मारला गेला. त्याच्या वंशजांचे आडनाव ओ’ब्रायन. त्यानेच सर्व प्रजेला आडनावे घेण्याचा हुकूम काढला, ही कथा मात्र मागाहून रचलेली आहे. ओ’नीलांच्या बाबतीत आणखी एक गफलत होते. हे आडनाव दंतकथांत गाजलेल्या ‘नऊ ओलिसांचा नायल’ या पाचव्या शतकातील राजावरून आले, असे सर्रास सांगतात. प्रत्यक्षात ते ९१९ साली डब्लिनजवळ नॉर्स म्हणजे स्कॅन्डिनेव्हियाकडच्या सैन्याशी लढताना पडलेल्या नायल ग्लूनदुव या दुसऱ्याच राजावरून आले. ग्लूनदुव म्हणजे काळ्या गुडघ्याचा. तो पहिल्या नायलच्या वंशातला मानला जात असल्याने गोंधळ होणे साहजिक आहे.

‘मॅक’विषयी आपण ऐकलेला नियम निराधार आहे. इंग्रजीतील दोन अक्षरी रूप हा केवळ लेखनिकांनी वेळ वाचवण्यासाठी केलेला संक्षेप होय. स्कॉटलंडची गेलिक आणि आयरिश या सख्ख्या भाषा असून दोन्हींत ‘मॅक’चा अर्थ एकच आहे. ‘ओ’ मात्र स्कॉटलंडमध्ये जवळजवळ नाही, हा फरक त्यापेक्षा कितीतरी अधिक भरवशाचा आहे.

प्रश्न : माझ्या एका आयरिश सहकारी महिलेचे आडनाव आयरिश भाषेत ‘नी वुरखू’ असे लिहिलेले असते, तिच्या भावाचे ‘ओ मुरखू’, तर आईचे तिसरेच. एकाच घरात तीन आडनावे कशी?

उत्तर : आडनाव एकच आहे, आणि इंग्रजीत ते तिघेही मर्फीच असतील. ‘ओ’ म्हणजे पुरुष वंशज. मुलीला तो लावता येत नाही. म्हणून मुलगी ‘नी’ लावते आणि व्याकरणाच्या नियमाने पुढच्या व्यंजनाचा उच्चार मऊ होतो, म्हणून ‘मु’चे ‘वु’ झाले. वडिलांचे आडनाव ‘मॅक’ने सुरू होत असेल, तर मुलगी ‘निक’ लावते. विवाहित स्त्रीने पतीचे आडनाव घेतल्यास ‘बॅन ई वुरखू’ असे रूप होते आणि त्यातील ‘बॅन’ म्हणजे बाई किंवा पत्नी. इंग्रजी कागदपत्रांत हा भेद पुसला गेल्यामुळे इंग्रजीत बोलताना कोणतीही बाई बिनदिक्कत ‘ओ’ लावते, आणि त्याचे कोणाला काही वाटत नाही.

प्रश्न : अमेरिकेत माझ्याबरोबर शिकलेला एक मर्फी आपले मूळ शोधत वेक्सफर्डला गेला. तेथील मर्फींनी त्याची सगळी हकीकत ऐकून घेतली आणि ‘तुम्ही आमच्यातले नाही, कॉर्ककडचे असाल’ असे सांगितले. आडनाव अगदी तेच असताना असे कसे?

उत्तर : वेक्सफर्डच्या मंडळींनी त्यांना योग्य तेच सांगितले. मर्फी हे आयर्लंडमधील सर्वांत अधिक आढळणारे आडनाव आहे. १८९० सालच्या जन्मनोंदींवरून काढलेल्या अधिकृत यादीतही पहिला क्रमांक मर्फींचा आणि दुसरा केलींचा होता. या आडनावाच्या मुळाशी ‘मुरखा’ हे व्यक्तिनाम असून त्याचा अर्थ ‘सागरी योद्धा’ असा होतो. एके काळी हे नाव सर्वत्र प्रचलित होते, त्यामुळे वेगवेगळ्या प्रांतांतील वेगवेगळ्या मुरखांच्या नातवंडांनी स्वतंत्रपणे तेच आडनाव घेतले. वेक्सफर्डचे आणि कॉर्कचे मर्फी यांचा परस्परांशी संबंध असलाच, तर तो अपघाताने. केलींचेही तसेच असून त्यांतील सर्वांत प्रबळ शाखा गॉलवे आणि रॉसकॉमन या भागांतील होती. पण तीच एकमेव नव्हे.

ही झाली मूळ आयरिश भाषेतील पुनरावृत्ती. खरा घोळ झाला तो नावे इंग्रजीत येताना. १४६५ साली इंग्रजी अमलाखालील विधिमंडळाने असा कायदा केला की डब्लिन, मीथ, लाउथ आणि किल्डेर या भागांत राहणाऱ्या आयरिश माणसाने इंग्रजांसारखा वेश करावा आणि इंग्रजी आडनाव घ्यावे. हे आडनाव एखाद्या गावाचे असावे, रंगाचे म्हणजे व्हाइट, ब्लॅक, ब्राउन असे असावे, धंद्याचे म्हणजे स्मिथ, कार्पेंटर असे असावे किंवा हुद्द्याचे म्हणजे कुक, बटलर असे असावे, अशी यादीच कायद्यात दिली होती. त्या कायद्याचा प्रत्यक्ष परिणाम मर्यादित राहिला. पुढे सतराव्या शतकात आयरिश सरदार १६०१ची किन्सेलची लढाई इंग्रजांकडून हरल्यावर आणि १६०७ साली उत्तरेकडचे सरदार जहाजात बसून युरोपात निघून गेल्यावर जुनी आयरिश व्यवस्था कोसळली, तेव्हा जे कायद्याने साधले नव्हते ते परिस्थितीने साधले. जमीनदार इंग्रज, न्यायालय इंग्रजी, नोंदी इंग्रजी. ‘ओ’ आणि ‘मॅक’ ही मागासलेपणाची खूण ठरू लागली आणि लाखो कुटुंबांनी ती टाकून दिली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, विशेषतः १८९३ साली आयरिश भाषेच्या पुनरुज्जीवनासाठी गेलिक लीग स्थापन झाल्यानंतर, अनेकांनी ‘ओ’ परत घेतला. सर्वांनी नव्हे. सलिव्हनांपैकी पुष्कळ जण ओ’सलिव्हन झाले, केलींपैकी थोडेच ओ’केली झाले आणि मर्फींनी तर तो जवळजवळ घेतलाच नाही.

काही नावे उच्चारानुसार लिहिली गेली, तर काहींचे भाषांतर झाले, आणि या भाषांतरांतले काही नमुने पाहिले की लेखनिकाच्या आत्मविश्वासाचे कौतुक वाटते. ‘मॅक गाऊन’ म्हणजे लोहाराचा मुलगा. त्याचे कोठे मॅगवन झाले, कोठे सरळ स्मिथ. हे निदान बरोबर होते. ‘मॅक अन टीर’ म्हणजे सुताराचा किंवा कारागिराचा मुलगा; पण ‘टीर’च्या मुळाशी असलेल्या ‘सीर’ या शब्दाचा दुसरा अर्थ ‘मुक्त’ असा असल्यामुळे काही घराणी कार्पेंटर झाली आणि काही फ्रीमन. ‘मॅक कॉनरी’ या नावाच्या शेवटी ‘री’ ऐकू येते आणि ‘री’ म्हणजे राजा, एवढ्या आधारावर काही कुटुंबे किंग बनली. ‘ओ कुनीन’ हे नाव सशाच्या आयरिश शब्दासारखे वाटल्यामुळे काहींच्या वाट्याला रॅबिट आले.

उलट बाजूही आहे. वॉल्श हे अत्यंत सामान्य आयरिश आडनाव म्हणजे ‘वेल्सकडचा’; ते बाराव्या शतकात नॉर्मन सरदारांबरोबर आलेल्या अनेक असंबद्ध माणसांना लागले. डॉइल म्हणजे ‘काळ्या परक्याचा वंशज’, अर्थात नॉर्स दर्यावर्द्यांची आठवण. मॅकऑलिफ या नावात ओलाफ दडलेला आहे. ‘फिट्झ’ हा फ्रेंचमधील ‘मुलगा’ या शब्दाचा अपभ्रंश असल्यामुळे फिट्झजेराल्ड हे नॉर्मन, हे खरे. पण म्हणून फिट्झपॅट्रिकही नॉर्मन समजाल तर फसाल. ते अस्सल आयरिश ‘मॅक गिला फाड्रिग’ म्हणजे ‘संत पॅट्रिकच्या भक्ताचा मुलगा’ असून सोळाव्या शतकात त्यांनी राजदरबारी शोभेल असा फिट्झचा मुखवटा चढवला.

तात्पर्य, आपल्या मित्राने ‘आम्ही मर्फी’ एवढेच सांगितले, तर त्यातून जवळजवळ काहीच कळत नाही. ‘आम्ही अमुक धर्मग्रामातले (म्हणजे अमुक चर्चच्या कक्षेतल्या वस्तीतले) मर्फी’ असे सांगता आले, तर पुष्कळ कळते.

प्रश्न : न्यूयॉर्कच्या एलिस बेटावर उतरताना अधिकाऱ्यांनी आयरिश लोकांची नावे बदलली, असे चित्रपटांत दाखवतात. ते कितपत खरे?

उत्तर : खरे नाही. एलिस बेटावरील अधिकारी नावे लिहून घेत नसत; जहाजाच्या कंपनीने प्रवासाच्या आरंभी तयार केलेल्या यादीशी ती ताडून पाहत. शिवाय ते केंद्र १ जानेवारी १८९२ रोजी सुरू झाले आणि पहिली नोंद ॲनी मूर या कॉर्कहून आलेल्या मुलीची झाली. आयर्लंडमध्ये मोठा दुष्काळ पडला तो १८४५ ते १८५२ या काळात, म्हणजे लाखो लोक ते केंद्र सुरू होण्याच्या कितीतरी आधीच अमेरिकेत पोचले होते. नावे बदलली ती घरी, चर्चमध्ये, जमीनदाराच्या वहीत, आणि पुढे अमेरिकेत ज्याने त्याने आपल्या सोयीने.

प्रश्न : ‘क्लॅन गॅदरिंग’ म्हणजे नेमके काय असते? ही प्राचीन प्रथा आहे का? आपल्याकडच्या भाऊबंदांच्या मेळाव्यासारखे त्यात वंशावळ दाखवावी लागते का?

उत्तर : शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. वंशावळ दाखवावी लागत नाही. आडनाव असले, आजीचे माहेरचे आडनाव ते असले किंवा नुसती आस्था असली, तरी बहुतेक मेळाव्यांत स्वागत होते.

‘क्लॅन’ हा शब्द आयरिश ‘क्लान’वरून आला असून त्याचा अर्थ ‘अपत्ये’ असा आहे. पण प्राचीन आयर्लंडमध्ये कायद्याच्या दृष्टीने महत्त्वाचा होता तो ‘डेरविने’ हा गट, म्हणजे एकाच पणजोबाचे सर्व पुरुष वंशज. प्रमुखपद थोरल्या मुलाकडे आपोआप जात नसे. भाऊबंदांतून योग्य माणूस निवडला जाई आणि प्रमुख हयात असतानाच ठरवलेल्या वारसाला ‘टॉनिश्टे’ म्हणत. गंमत अशी की आजच्या आयरिश प्रजासत्ताकात उपपंतप्रधानाचे अधिकृत पद हेच आहे. नव्या प्रमुखाचा विधी ठरलेल्या टेकडीवर होई. ओ’नीलांचा विधी टिरोनमधील टुलाहोग येथे, दगडी आसनावर होत असे, आणि त्यात त्यांच्या मांडलिक ओ’कहन घराण्याच्या प्रमुखाने नव्या ओ’नीलच्या डोक्यावरून जोडा फेकण्याचा रिवाज होता. १६०२ साली इंग्रज सेनापती माउंटजॉयने ते आसन फोडले. प्राचीन प्रथा तेथे संपली, असे म्हणायला हरकत नाही.

आजचे मेळावे विसाव्या शतकातले आहेत, आणि त्यांना प्राचीन म्हणून विकणाऱ्या जाहिरातींकडे थोड्या संशयानेच पाहावे. जुन्यांपैकी एक म्हणजे ओ’मॅली घराण्याचा मेळावा. त्यांची संघटना १९५३ साली स्थापन झाली. पश्चिमेकडील मेयो काउंटीत, क्ल्यू उपसागराच्या काठी हे लोक जमतात. जमण्याला निमित्त भक्कम आहे, कारण सोळाव्या शतकात याच उपसागरातून गलबते हाकणारी आणि १५९३ साली ग्रीनिच येथे राणी एलिझाबेथची समोरासमोर भेट घेणारी ग्रेस ओ’मॅली याच घराण्यातली. क्लेअर बेटावरील मठ, रॉकफ्लीटचा समुद्रालगतचा बुरूज, मरिस्कचा पंधराव्या शतकातील भग्न मठ ही स्थळे एकमेकांपासून दूर नाहीत. पाहुणा सकाळी बुरूज पाहतो, दुपारी वंशशास्त्रावरील व्याख्यान ऐकतो आणि रात्री सामूहिक नाचात कोणा ऑस्ट्रेलियन ओ’मॅलीशी ओळख करून घेतो. तेथे घराण्याचा प्रमुखही निवडला जातो, मात्र तो मान केवळ समारंभापुरता असतो.

डॉनेगॉलमधील इनिशोवेन द्वीपकल्पावर ओ’डोहर्टी मंडळींचे मेळावे १९८५ पासून भरत आले आहेत. बेअरा द्वीपकल्पाकडे जाणाऱ्या सलिव्हनांपाशी सांगण्यासारखी शोककथा आहे. किन्सेलच्या पराभवानंतर १६०२च्या अखेरच्या दिवशी डॉनल कॅम ओ’सलिव्हन ग्लेनगॅरिफहून सुमारे १,००० माणसे घेऊन उत्तरेकडे निघाला आणि दोन आठवड्यांनी लिट्रिमच्या गढीत पोचला, तेव्हा त्याच्यासोबत ३५ जण उरले होते. ज्या घराण्याला असा एखादा प्रसंग आणि अशी एखादी पडकी भिंत लाभली आहे, त्याचा मेळावा रंगतो. ज्याला केवळ आडनाव आहे, त्याचा मेळावा हॉटेलच्या जेवणापलीकडे फारसा जात नाही, असे मला वाटते.

या संघटनांची ‘क्लॅन्स ऑफ आयर्लंड’ ही शिखर संस्था १९८९ पासून काम करते. २०१३ साली तर सरकारनेच ‘द गॅदरिंग’ या नावाने वर्षभराची मोहीम काढून जगभरच्या आयरिश वंशीयांना घरी बोलावले आणि त्या निमित्ताने हजारो लहानमोठे मेळावे झाले. मंदीच्या काळात पर्यटन वाढवणे हा त्यामागचा उघड हेतू होता. अभिनेते गॅब्रिएल बर्न यांनी परदेशस्थांच्या खिशावर डोळा ठेवून चाललेला हा प्रकार असल्याची जाहीर टीका केली, तेव्हा तेथे बराच वाद माजला. टीकेत तथ्य होते. पण खेडोपाडी ज्या कुटुंबांनी शंभर वर्षांत न पाहिलेले चुलत नातलग त्या वर्षी पाहिले, त्यांचा अनुभव त्या टीकेत मावत नाही.

प्रश्न : डब्लिनच्या दुकानातून मित्राने त्याच्या आडनावाचे कुलचिन्ह चौकटीत घालून आणले. ते अधिकृत समजावे का? आणि ‘घराण्याचा प्रमुख’ अशी सरकारमान्य पदवी असते का?

उत्तर : भिंतीवर जरूर लावावे, अधिकृत मात्र समजू नये. कुलचिन्ह हे आडनावाला नव्हे, तर विशिष्ट व्यक्तीला आणि तिच्या वंशजांना दिलेले असते. आयर्लंडमध्ये हे काम १५५२ पासून सरकारी कचेरी पाहत आली असून १९४३ पासून ते मुख्य हेरल्डच्या, म्हणजे कुलचिन्हांचे काम पाहणाऱ्या अधिकाऱ्याच्या, कार्यालयाकडे आहे. हे कार्यालय आज राष्ट्रीय ग्रंथालयाचा भाग आहे. एखाद्या जुन्या घराण्याशी जोडलेले चिन्ह त्याच आडनावाच्या माणसाने आवडीने दाखवण्याला तेथे कोणी हरकत घेत नाही. ‘हे माझे’ असा दावा करणे ही वेगळी गोष्ट.

पदवीची कथा जरा ओशाळवाणी आहे. जुन्या घराण्यांच्या ज्येष्ठ वारसांना ‘नावाचा प्रमुख’ म्हणून सौजन्यापुरती मान्यता देण्याची पद्धत राज्याने १९४४ पासून ठेवली होती. १९९० च्या दशकात मॅकार्थी घराण्याच्या प्रमुखपदावर सांगितलेला एक दावा मान्य झाला, आणि पुढे त्याची वंशावळ बनावट असल्याचे उघड होऊन १९९९ साली ती मान्यता रद्द करावी लागली. त्यानंतर २००३ साली, या पद्धतीला कायद्याचा आधार नाही असा सल्ला मिळाल्यावर, ती सरकारने बंदच केली.

प्रश्न : माझा जावई अमेरिकन असून त्याचे आजोबा कॉर्क काउंटीतून गेले, एवढेच त्याला माहीत आहे. नातीला मूळ शोधायचे आहे. डीएनए चाचणी करावी का? आणि आडनावावरून आयरिश नागरिकत्व मिळते का?

उत्तर : चाचणीपूर्वी कागद पाहावेत, आणि तेही अमेरिकेतले. मृत्युनोंद, थडग्यावरील लेख, नागरिकत्वाचा अर्ज, जुनी पत्रे यांपैकी कशात तरी ‘टाउनलँड’चे नाव सापडते का, हे पाहणे हेच सर्वांत मोठे काम. टाउनलँड म्हणजे गावाहूनही लहान, आपण शिवार म्हणू तेवढा जमिनीचा तुकडा. आयर्लंडमध्ये असे ६०,०००हून अधिक तुकडे आहेत आणि प्रत्येकाला नाव आहे. ते एकदा हाती आले की पुढचा रस्ता उघडतो.

१९०१ आणि १९११ची जनगणना आयर्लंडच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने इंटरनेटवर विनामूल्य ठेवली आहे. जन्म, मृत्यू आणि विवाह यांची सर्वांसाठी सरकारी नोंद १८६४ पासून सुरू झाली. कॅथलिक धर्मग्रामांच्या वह्यांच्या प्रतिमा राष्ट्रीय ग्रंथालयाने २०१५ साली खुल्या केल्या. १८४७ ते १८६४ या काळात करआकारणीसाठी झालेल्या ग्रिफिथच्या मोजणीत कोणत्या टाउनलँडमध्ये कोण जमीन कसत होते, हे कळते. ही करवही आज वंशशोधकांची पोथी झाली आहे, याचे कारण दुःखद आहे. यादवी युद्धाच्या आरंभी, ३० जून १९२२ रोजी, डब्लिनच्या फोर कोर्ट्स या न्यायालयांच्या आवारातील अभिलेखागार स्फोटात आणि आगीत भस्म झाले आणि १८२१ ते १८५१च्या जनगणनांची बहुतेक पाने त्यात गेली. १८६१ ते १८९१च्या चार जनगणना तर सरकारनेच त्याआधी नष्ट करून टाकल्या होत्या.

डीएनए चाचणी नातलग शोधायला उपयोगी पडते, मूळ पुरुष शोधायला फारशी नाही. २००६ साली डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजमधील संशोधकांनी असे दाखवले की वायव्य आयर्लंडमधील सुमारे पाचातल्या एका पुरुषाच्या वाय गुणसूत्राची (जे बापाकडून मुलाकडे जाते) ठेवण एकाच पूर्वजाकडे निर्देश करते. तो पूर्वज म्हणजे नऊ ओलिसांचा नायल, अशी बातमी जगभर झाली. पुढील अभ्यासात ती खूण नायलच्या काळाहून जुनी असल्याचे दिसले, पण बातमी अजून फिरतेच आहे.

नागरिकत्वाचा आडनावाशी काही संबंध नाही. आजी किंवा आजोबा आयर्लंडच्या भूमीवर जन्मलेले असतील, तर परदेशी जन्मनोंदवहीत नाव नोंदवून ते मिळवता येते. म्हणजे जावयाचे आजोबा खरोखरच कॉर्कमध्ये जन्मले असल्यास जावई पात्र आहे. नातीच्या दृष्टीने ते पणजोबा झाले, म्हणून तिच्या जन्माआधी जावयाने स्वतःची नोंद केली होती का, एवढ्यावर तिचे उत्तर अवलंबून आहे. केली नसेल, तर या मार्गाने तिला नागरिकत्व मिळणार नाही; पणजोबांचे टाउनलँड शोधायला मात्र कसलीच अडचण नाही.